ब्रेकवाल्या पेशींचा पत्ता

शहाद्याहून एका ताईंचे पत्र आले आहे. नातवाला तापात आकडी येते. मुलगा सुरतेला कामाला आहे. तिथे त्याला कोणी सांगितले की, आता मेंदूत जीन सोडून फिट कायमची बंद करतात. ताई विचारतात, हे खरे का, आणि खर्च किती?

ताई, अर्धे खरे आहे.

जीन म्हणजे पेशीने काय काम करायचे याचा आईबापाकडून आलेला हुकूम. मेंदूतल्या काही पेशी गाडी पळवतात, काही ब्रेक लावतात. एससीएन१ए या जीनची एक प्रत बिघडली की ब्रेकवाल्या पेशी ढिल्या पडतात. हा आजार फ्रान्सच्या डॉ. शार्लोट द्रावे यांनी १९७८ साली वेगळा ओळखला. पहिला झटका बहुधा वर्षाच्या आतच येतो, तापात किंवा कढत पाण्याच्या आंघोळीने. तो लांबतो, कधी अंगाच्या एकाच बाजूला येतो.

आता औषध पोचवायचे कसे? धडगावकडे नुसते गावाचे नाव सांगून पाहुणा पोचत नाही. पाडा सांगावा लागतो, घर सांगावे लागते. मेंदूचेही तसेच. पळवणाऱ्या पेशींनाच जोर चढला तर आगीत तेल! जीन वाहून नेतो एक निरुपद्रवी केलेला विषाणू. पण तो इतका लहान की हा जीन त्यात मावतच नाही. म्हणून अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी युक्ती केली. अख्खा जीन न पाठवता, पेशीतल्या चांगल्या प्रतीकडून जास्त काम करून घेणारा एक छोटा मुकादम पाठवला. विषाणू अनेक तऱ्हेच्या पेशींत शिरतो, पण मुकादमाला जागे करणारे बटण ब्रेकवाल्या पेशींतच चालते. हे औषध मेंदूतल्या पाण्यात एकदाच सोडतात. मुलांवर त्याच्या चाचण्या २०२४ पासून सुरू झाल्या. ते अजून विक्रीला नाही, तेव्हा त्याची किंमत सांगता येत नाही. पण याच जातीचे, मज्जारज्जूतल्या पेशींसाठीचे एक औषध २०२१ मध्ये सुमारे १६ कोटींचे होते. त्याच वर्षी मुंबईच्या एका बाळासाठी ते लोकवर्गणीतून आणावे लागले. आम्हांला तर आकडा लिहितानाच घाम फुटतो.

म्हणून मुलाला सांगा, कोणी इंजेक्शनच्या नावाने पैसे मागितले तर देऊ नकोस.

आणि घाबरू नका. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांत तापातली आकडी पुष्कळदा साधी असते, वयाबरोबर जाते. झटका आला की मुलाला कुशीवर निजवा. तोंडात चमचा, पाणी काही घालू नका. चप्पल-कांदा हुंगवू नका. पाच मिनिटांत थांबला नाही तर तडक दवाखाना गाठा. गोळ्या चालू असतील तर मनाने बंद करू नका. मात्र द्रावेच्या आजारात कार्बामाझेपिनसारख्या फिटच्या काही गोळ्यांनी झटके वाढतात, तेव्हा गोळीने त्रास वाढला तर डॉक्टरांना लगेच सांगा.

पत्रात नातवाचे वय लिहिलेले नाही, ताई. पहिला झटका कितव्या महिन्यात आला, किती वेळ चालला, त्या दिवशी आंघोळीचे पाणी कढत होते का, हे आठवून कागदावर लिहा. तो कागद डॉक्टरांना दाखवा.