देणगीचे यंत्र आणि दुरुस्तीचा हात

एका धर्मादाय रुग्णालयात शस्त्रक्रियेची हत्यारे निर्जंतुक करण्याचे यंत्र दोन वर्षे झाकून ठेवलेले मी पाहिले. दात्याच्या नावाची पितळी पाटी मात्र नित्य पुसली जात असे. दाराचे रबरी गॅसकेट झिजले होते, एवढाच काय तो दोष. अखेर अकलूजच्या साखर कारखान्यातून निवृत्त झालेल्या एका फिटरने अर्ध्या दिवसात ते चालू केले. उभा जन्म बॉयलरपाशी काढलेल्या माणसाला वाफेचे गूढ ते काय!

वस्तुतः हा प्रश्न एकाच रुग्णालयाचा नाही. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या 16 देशांच्या पाहणीत गरीब भागांतील सुमारे 40 टक्के वैद्यकीय उपकरणे बंद आढळली. अर्थशास्त्राच्या परिभाषेत सांगायचे, तर भांडवल उभे राहते. घसाऱ्याची तरतूद होत नाही. दात्याला यंत्रावर नाव कोरता येते, गॅसकेटवर येत नाही.

मिशन रुग्णालयांच्या पहिल्या पिढीला ही जाण होती. अल्बर्ट श्वाइट्झर यांनी 1913 साली आफ्रिकेत, सध्याच्या गॅबनमधील लांबारेने येथे, कोंबड्यांच्या जुन्या खुराड्यात दवाखाना थाटला आणि पुढे नव्या इमारतींच्या बांधकामावर ते स्वतः मुकादमासारखे उभे राहिले. आपल्याकडे विल्यम वॉन्लेस यांनी 1894 साली मिरजेत रुग्णालय उभारले. शिवाय वैद्यकीय शाळाही काढली. या दुसऱ्या कार्याचे मोल मला अधिक वाटते. पंधरा दिवसांसाठी आलेला पाहुणा कितीही कुशल असो, त्याच्यामागे स्थानिक हात तयार झाला नाही, तर पुढच्या बिघाडाला पुन्हा त्याचीच वाट पाहावी लागते.

फुकट श्रमामुळे पगारी तंत्रज्ञाची जागा कायमची रिकामी राहील, हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच दुरुस्ती चालू असताना रुग्णालयाचा एक कर्मचारी शिकण्यासाठी शेजारी असावा, आणि अंदाजपत्रकात दुरुस्तीची रक्कम वेगळी दाखवावी, या दोन अटी आधीच घालाव्यात. क्ष-किरण यंत्राला किंवा भुलीच्या यंत्राला हौशी हात लागू नये, हे सांगायला नकोच. परंतु पंप, जनित्र, वायरिंग, वाफेचे नळ यांचे काय?

गळीत हंगाम संपला की कारखान्यातही यंत्रे उघडली जातात, त्यामुळे कायम कामगारांना सवड नसते. निवृत्त फिटर, वेल्डर, वायरमन मात्र माळशिरस तालुक्यात गावोगाव आहेत. त्यांची आणि आयटीआयच्या मुलांची नोंद ठेवण्यास एक वही पुरेल.