सर्व्हर सुरू झाला, पण आपली नोंद जागेवर आहे का? ‘देखभालीसाठी बंद’ या पाटीमागे नेमकं काय चालतं

वणी : सेतू केंद्राच्या काचेवर कागद चिकटवलेला असतो, ‘सर्व्हर बंद आहे, दोन दिवसांनी या’. वणी, मारेगाव, झरी जामणीच्या शेतकऱ्याला ही पाटी नवी नाही. फेरफाराचा अर्ज असो, पीक पाहणी असो की डिजिटल सातबारा, काम अडलं की एकच उत्तर मिळतं, सर्व्हर डाऊन. माणूस भाड्याचे पैसे घालवून गावी परततो. दोन दिवसांनी सर्व्हर सुरू होतो आणि सगळे ते विसरून जातात.

पण खरा प्रश्न तेव्हाच सुरू होतो. बंद पडण्याआधी केलेली नोंद सर्व्हर सुरू झाल्यावर तशीच आहे का? हे बहुतेक जण पाहत नाहीत.

कापूस विकायचा तर नोंद हवी

ही नोंद आता नुसती कागदोपत्री राहिलेली नाही. ई-पीक पाहणी राज्यभर 15 ऑगस्ट 2021 पासून सुरू झाली. पीक विमा, अतिवृष्टीची मदत, हमीभावाची खरेदी, सगळीकडे सातबाऱ्यावरचा पेरा पाहिला जातो. 2025-26 च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8110 रुपये ठरला आणि सीसीआयला कापूस देण्यासाठी ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी आवश्यक झाली. तिथेही कापसाच्या पेऱ्याचा पुरावा म्हणून जमिनीचा कागद लागतो. म्हणजे शेतात कापूस उभा आहे, पण सर्व्हरवर नोंद नाही, तर तो कापूस व्यापारी देईल त्या भावात विकावा लागू शकतो.

त्याच खरिपात शेतकऱ्यांनी स्वतः पीक पाहणी करण्याची मुदत आधी 14 सप्टेंबर होती. ती 20 आणि नंतर 30 सप्टेंबरपर्यंत वाढली. ॲप आणि सर्व्हरच्या तक्रारी त्या वेळी सगळीकडे होत्या. मुदत वाढली हे बरंच झालं. पण मुदतवाढीने नोंद करायला वेळ मिळतो, केलेली नोंद टिकली की नाही ते त्यातून कळत नाही.

सर्व्हर बदलावाच का लागतो

मोबाईलचं ॲप जसं अपडेट मागतं, तसं सर्व्हरवर माहिती साठवणारं सॉफ्टवेअरही जुनं होतं. बनवणारी कंपनी काही वर्षांनी जुन्या आवृत्तीची दुरुस्ती थांबवते. उदाहरणार्थ, मायक्रोसॉफ्टने ‘एसक्यूएल सर्व्हर 2008’ची नियमित साथ 9 जुलै 2019 ला बंद केली. साथ बंद झालेल्या सॉफ्टवेअरमध्ये चोरवाट सापडली तर ती बुजवणारं कोणी नसतं. म्हणून आवृत्ती बदलणं टाळता येत नाही, आणि त्यासाठी काही तास किंवा दिवस सेवा बंद ठेवणंही वाजवी आहे. तक्रार बंद ठेवण्याची नाही. बंद असताना काय झालं हे लोकांना कळत नाही, ही तक्रार आहे.

खातेवही आणि रोजकीर्द

बॅकअप म्हणजे काय, हे गावातल्या किराणा दुकानावरून समजून घेता येतं. दुकानदाराची खातेवही म्हणजे मुख्य डेटा. महिन्यातून एकदा तिची पूर्ण नक्कल काढून त्याने भावाच्या घरी ठेवली, तर तो झाला पूर्ण बॅकअप. रोजचे व्यवहार तो रोजकीर्दीत लिहितो. उद्या दुकानाला आग लागली आणि खातेवही जळाली, तर भावाकडची नक्कल आणि त्यानंतरची रोजकीर्द जोडून सगळा हिशेब पुन्हा उभा राहतो. नक्कल आहे पण रोजकीर्द नाही, तर नक्कल काढल्यानंतरची उधारी गेली. आणि दोन्ही वह्या दुकानातच असतील तर काहीच उरलं नाही.

सर्व्हरची आवृत्ती बदलतानाही क्रम हाच असतो. आधी नव्या नोंदी घेणं थांबवायचं. मग पूर्ण बॅकअप घ्यायचा आणि त्याची एक प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवायची. तो बॅकअप नव्या सर्व्हरवर चढवायचा, जुनं आणि नवं जुळवून पाहायचं, आणि मगच सेवा उघडायची. ही जुळवणी घाईत उरकली जाण्याचा धोका सगळ्यात मोठा, कारण बाहेर लोक खोळंबलेले असतात.

धोका दोन वेळा असतो

पहिला धोका बंद होण्याच्या आधीच्या काही तासांत. बॅकअप घेऊन झाला आणि तरीही नोंदी स्वीकारणं सुरूच राहिलं, तर त्या मधल्या नोंदी नव्या सर्व्हरवर जात नाहीत. शेतकऱ्याच्या मोबाईलवर ‘नोंद यशस्वी’ असा निरोप आलेला असतो, पण नोंद जुन्या सर्व्हरवरच राहिलेली असते.

दुसरा धोका सेवा सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत. याची चर्चा कमी होते. एसक्यूएल सर्व्हरसारख्या प्रणालीत नव्या आवृत्तीवर घेतलेला बॅकअप जुन्या आवृत्तीवर चढत नाही. समजा, नवा सर्व्हर तीन दिवस चालला, मग बिघडला आणि कारभार परत जुन्यावर आणावा लागला. त्या तीन दिवसांतल्या नोंदी वेगळी सोय करून आणल्या नाहीत तर मागे राहतात. मागे फिरण्याची वाट आधीच ठरवून ठेवावी लागते.

आकडा जुळला म्हणजे नाव जुळलं असंही नाही. मराठी अक्षरांची साठवण नीट बदलली नाही तर नावाच्या जागी प्रश्नचिन्हं दिसतात. दहा लाख नोंदी गेल्या आणि दहा लाख आल्या, पण एखाद्याचं नाव वाचताच येत नाही, तर त्या बेरजेचा उपयोग नाही.

जगात काय घडलं

दिल्लीच्या एम्स रुग्णालयाच्या सर्व्हरवर 23 नोव्हेंबर 2022 ला सायबर हल्ला झाला. ई-हॉस्पिटल प्रणाली बंद पडली, कामकाज कागदावर आलं. पण हल्ल्यातून वाचलेल्या एका बॅकअप सर्व्हरवरून माहिती परत मिळाली आणि नव्या सर्व्हरवर चढवली गेली.

दक्षिण कोरियात उलटं झालं. 26 सप्टेंबर 2025 ला देजॉन शहरातल्या सरकारी डेटा केंद्राला बॅटरीमुळे आग लागली. सहाशेहून अधिक सरकारी सेवा थांबल्या. सरकारी कर्मचाऱ्यांच्या फायली साठवणारी ‘जी-ड्राइव्ह’ ही प्रणाली जळाली आणि तिचा 858 टेराबाइट डेटा गेला. बाहेर दुसरी प्रतच नव्हती. इतक्या प्रगत देशात हे झालं.

गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीत 31 जानेवारी 2017 ला एका कर्मचाऱ्याने चुकून चालू डेटाबेस पुसला. बॅकअपच्या पाच सोयी होत्या, गरजेच्या वेळी त्यातली एकही धड चालली नाही. नशिबाने सहा तास आधीची एक प्रत सापडली. त्या सहा तासांतल्या नोंदी मात्र गेल्या. बॅकअप आहे म्हणणं आणि तो परत चढवून पाहिलेला असणं, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

चावडी वाचनाचा धडा

हे काम महाराष्ट्राला नवीन नाही. हस्तलिखित सातबारा संगणकावर आला तेव्हा नावं, क्षेत्र, कर्जाचे बोजे यात चुका राहिल्या. 2017 मध्ये गावोगावी चावडी वाचन झालं. सातबारा लोकांसमोर वाचला गेला, लोकांनी चुका सांगितल्या. संगणकाच्या भाषेत बोलायचं तर ती रिस्टोअरची तपासणीच होती. अधिकाऱ्याला आकडे जुळवता येतात, पण कोणाचं शेत किती आणि त्यात वाटेकरी कोण, हे गावालाच ठाऊक असतं.

म्हणून मोठा बदल झाल्यावर लोकांना आपापली नोंद पाहायला सांगणं आणि चूक सांगायला ठरावीक मुदत देणं हा व्यवस्थेचाच भाग हवा. बंदच्या सूचनेत चार गोष्टी लिहिल्या तरी पुरे. कोणत्या तारखेच्या किती वाजेपर्यंतच्या नोंदी सुरक्षित आहेत, सेवा कधी उघडणार, त्यानंतरची नोंद दिसली नाही तर कोणाकडे जायचं, आणि बंदमुळे गेलेले दिवस मुदतीत धरले जातील का. फेरफाराच्या नोटिशीवर हरकतीसाठी 15 दिवस असतात. त्यातले तीन दिवस सर्व्हरच बंद असेल तर ते कोणाच्या खात्यात जातात, हे कोणीतरी सांगायला हवं.

तोवर शेतकऱ्याने काय करावं

पीक पाहणी शेवटच्या दिवसावर ठेवू नये. नोंद झाल्यावर स्क्रीनशॉट काढावा, त्यात तारीख आणि वेळ दिसली पाहिजे. नेटवर्क नसताना भरलेली माहिती अपलोड झाली का, ते घरी येऊन पाहावं. ॲपमधल्या गावाच्या यादीत आपलं नाव हिरवं झालं का तेही बघावं. फेरफार टाकला असेल तर अर्जाचा क्रमांक जपावा आणि ‘आपली चावडी’वर त्याची स्थिती पाहावी.

डिजिटल सहीचा सातबारा 15 रुपयांत मिळतो. वर्षातून एकदा काढलेली त्याची प्रत आणि 8अ मोबाईलसोबत कागदावरही ठेवावी. मोठ्या बंदनंतर नवा सातबारा उघडून नाव, गट क्रमांक, क्षेत्र आणि बोजा या चार गोष्टी जुन्या प्रतीशी ताडून पाहाव्यात. फरक दिसला तर ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. लेखनातली चूक असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम 155 खाली तहसील कार्यालयात दुरुस्तीचा अर्ज करता येतो.

सरकारचा बॅकअप सरकारने जपायचा आहे, ती जबाबदारी शेतकऱ्याची नाही. पण तो चुकला तर कापसाची गाडी खरेदी केंद्रावरून शेतकऱ्याचीच परत फिरते. त्या वेळी हाताशी असलेला जुना सातबारा, स्क्रीनशॉट आणि पोचपावती एवढाच त्याचा पुरावा असतो.