चवाठ्यावरील धर्मोपदेश

भर बाजारांत उभें राहून अनोळखी वाटसरूस येशूची वार्ता सांगणें व शुभवर्तमानाची पुस्तिका त्याच्या हातीं देणें, हा गुन्हा आहे काय? उपदेशकास घेरून पोलिसांच्या हवालीं करण्यांतच धर्मरक्षण आहे, असें कित्येकांस वाटूं लागलें आहे. आमचें मत याच्या अगदीं उलट असून, तें आम्ही स्वदेशाच्या अभिमानानेंच मांडीत आहों.

प्रथम कायदा पाहूं. राज्यघटनेच्या २५ व्या कलमानें सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य यांच्या मर्यादेंत धर्माचा प्रसार करण्याचा हक्क सर्वांस दिला आहे. हा ‘प्रसार’ शब्द घटनासमितींत वादाशिवाय आला नाहीं. १९४८ च्या डिसेंबरांत लोकनाथ मिश्र यांनीं त्यास विरोध केला. उलट कन्हय्यालाल मुनशी यांनीं बजाविलें कीं, हा शब्द नसला तरी भाषणस्वातंत्र्याच्या बळावर दुसऱ्याचें मन वळविण्याची मोकळीक राहीलच. अखेर शब्द कायम झाला. पुढें १९७७ सालीं स्टेनिस्लॉस खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें मध्यप्रदेश व ओरिसा येथील कायदे ग्राह्य ठरविले आणि दुसऱ्याचें धर्मांतर करविण्याचा हक्क ‘प्रसारां’त येत नाहीं असा निर्णय दिला. परंतु आपल्या धर्माचीं तत्त्वें विवेचून सांगण्याचा हक्क त्याच निकालानें मान्य केला आहे, ही गोष्ट सोयीस्करपणें विसरली जाते.

बळजबरी व फसवणूक यांस शासन झालेंच पाहिजे. उपदेशकानेंही परक्यांच्या दैवतांची निंदा करूं नये, नको म्हणणाऱ्याची वाट अडवूं नये. पण नुसतें बोलणें ही बळजबरी नव्हे, आणि चार पानांची पुस्तिका हें आमिष नव्हे. उत्तर प्रदेशाच्या २०२१ च्या कायद्यानें तर, धर्मांतर बळजबरीनें झालें नाहीं हें शाबीत करण्याचा बोजा तें घडविणाऱ्यावरच टाकला आहे. फौजदारी न्यायाची ही उलटी गंगा होय.

महाराष्ट्रास हा प्रसंग नवा नाहीं. १८१३ सालीं अमेरिकन मिशनरी मुंबईस आले, तेव्हांपासून असा उपदेश येथें होत आला आहे. १८५७ सालीं विष्णुबोवा ब्रह्मचारी यांनीं मुंबईच्या समुद्रकिनारीं पाद्र्यांशीं जाहीर वाद केला. राज्य परक्यांचें, पाद्री राज्यकर्त्यांच्या धर्माचे. तरी बोवांचें शस्त्र वाणी हेंच होतें. पारतंत्र्यांत जें धैर्य आपल्या अंगीं होतें, तें स्वराज्यांत कां लोपावें? धर्म बदलला म्हणजे देश सुटला, हेंही खरें नव्हे. १८९५ सालीं बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनीं ख्रिस्ताची भक्ति अभंगांतून व कीर्तनांतून गाइली; त्यांचें मराठीपण कोणी हिरावलें?

खरा प्रश्न उपदेशक काय सांगतो हा नसून, ऐकणारा कां थांबतो हा आहे. चवदार तळ्याच्या पाण्यासाठीं १९२७ सालीं आणि काळारामाच्या दारासाठीं १९३० सालीं ज्यांस सत्याग्रह करावा लागला, त्यांच्या वंशजांस ‘तूंही देवाचें लेंकरूं आहेस’ हे शब्द गोड लागले तर दोष कोणाचा? ज्यांस आपला समाज राखावयाचा आहे, त्यांनीं आधीं त्यांतील शेवटच्या माणसास मानानें जवळ बसवावें. उपदेशकाचें तोंड बंद केल्यानें पाणवठा खुला होत नाहीं.