फुकटची इंटर्नशिप कोणाला परवडते?

कायद्याच्या पहिल्या वर्षाला असलेल्या मुलाने उन्हाळ्याच्या सुट्टीत पगाराचं काम मागितलं की त्याला लगेच लोभी ठरवलं जातं. ‘आधी शिक, पैसे काय, नंतर येतच राहतात,’ असा उपदेश होतो. हा उपदेश करणाऱ्यांचं शिक्षण बहुतेक वेळा बापाच्या जिवावर झालेलं असतं. बद्रुद्दीन तय्यबजी 1867 साली मुंबई हायकोर्टाचे पहिले भारतीय बॅरिस्टर झाले, याचा आपल्याला अभिमान आहेच. पण ते सधन व्यापाऱ्याच्या घरातले होते. नामपूरच्या शेतमजुराच्या पोराला त्यांचं उदाहरण देताना एवढं तरी लक्षात ठेवावं.

आमच्या बागलाणात उन्हाळा म्हणजे कांद्याचा हंगाम. बाजार समितीत हमाली, तोलाई, वाराई कोणी द्यायची यावरून वाद होतात, पण हमालाला मजुरी द्यायची की नाही, असा वाद मी कधी ऐकला नाही. त्याच्या पाठीशी 1969 चा माथाडी कायदा आहे. आणि जो पोरगा उद्या हाच कायदा कोर्टात मांडणार, त्याने मात्र महिनाभर फुकट राबायचं!

बार कौन्सिलच्या 2008 च्या नियमांनी इंटर्नशिप सक्तीची केली: तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान 12 आठवडे, पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला 20. ती मोफत करावी असं नियमात कुठे लिहिलेलं नाही, आणि पैसे द्यावेत असंही नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये कौन्सिलने परिपत्रक काढलं, की ज्युनिअर वकिलांना शहरात दरमहा किमान 20 हजार आणि ग्रामीण भागात 15 हजार रुपये द्यावेत. ती केवळ शिफारस, आणि तीही सनद मिळालेल्यांसाठी. विद्यार्थी त्यात नाहीच. एमबीबीएसच्या इंटर्नला विद्यावेतन मिळतं. वकिलीच्या इंटर्नला मिळतं ते प्रमाणपत्र.

यावर वकीलसाहेबांचं उत्तर ठरलेलं असतं: पहिल्या वर्षाच्या पोराला येतं काय? त्याला शिकवण्यात आमचाच वेळ जातो. ठीक आहे. पण माझ्या ओळखीच्या एका मुलाने जिल्ह्याच्या ठिकाणी चार आठवडे काय केलं ते ऐका. झेरॉक्स काढल्या, तारखा उतरवून घेतल्या, कोर्ट फी स्टॅम्प आणले, नकलांचे अर्ज दिले, मराठी टायपिंग केलं. हे कारकुनाचं काम आहे आणि कारकुनाला पगार मिळतो. कामाला विद्यार्थ्याचा हात लागला म्हणून ते फुकट कसं होतं? खोलीभाडं आणि मेसचे पैसे त्याने घरून मागवले. मुलगी असती तर घरच्यांनी पाठवलंच नसतं, ही गोष्ट वेगळीच.

शिवाय गावच्या पोराला काही येत नाही, हेही खरं नाही. बँकेच्या कर्जासाठी वकील सर्च रिपोर्ट देतात. त्यासाठी सातबारा आणि जुने फेरफार वाचावे लागतात. शेतकऱ्याच्या घरातला मुलगा हे कागद लहानपणापासून पाहत आलेला असतो. त्याच्याकडून जुळवाजुळव करून घ्या, पण त्याचे पैसे द्या.

सरकारी वाटही एक आहे, तिच्याबद्दल कॉलेजात फारसं कोणी बोलत नाही. विधी सेवा प्राधिकरणाच्या 2009 च्या योजनेत पॅरा लीगल व्हॉलंटिअर म्हणून कायद्याचे विद्यार्थी घेता येतात. सोपवलेल्या कामाच्या दिवसापुरतं मानधन मिळतं. रक्कम मोठी नसते, निवड आपोआप होत नाही, पण तालुका विधी सेवा समितीत जाऊन चौकशी करायला काय हरकत आहे?

आता आपल्या समाजाबद्दल. निकाल लागला की आपण सत्काराचे कार्यक्रम घेतो; शाल, ट्रॉफी, भाषणं. लॉला प्रवेश घेतलेल्या पोराचा फोटो सगळ्या ग्रुपवर फिरतो. एप्रिल उजाडला की तोच पोरगा मालेगावच्या यंत्रमागावर किंवा कांद्याच्या खळ्यावर दिसतो, कारण तिथे रोज मिळतो. मजुराचा घाम वाळण्याआधी मजुरी द्यावी, हे जुम्म्याच्या खुतब्यात ऐकून माना डोलावणारे आपलेही वकील पोरांना फुकट राबवतात, आणि वर उपकार केल्यासारखं बोलतात.

सटाणा आणि मालेगावच्या कोर्टांत वकिली करणाऱ्या आपल्या मंडळींना माझं सांगणं एवढंच आहे: या उन्हाळ्यात प्रत्येकाने एक विद्यार्थी घ्या. कारकुनाला देता त्याच्या निम्मे द्या, पण आधी ठरवून द्या. सत्कार समित्यांनी शाली बंद करून त्या पैशात दोन पोरांचं महिन्याचं खोलीभाडं भरावं. ट्रॉफी बनवणारा आमच्यावर रागावेल, तर रागावू द्या.