चैत्रातले पाणी

पावसाळा सुरू झाला की पुण्यातील शाळाशाळांतून वृक्षारोपणाचा समारंभ होतो. पाहुणे येतात, भाषणे होतात, टाळ्या पडतात आणि एक कोवळे रोप मातीत उभे राहते. आषाढातला पाऊस त्याला आयताच मिळतो. त्यामुळे काही दिवस ते टवटवीत दिसते. परंतु पुण्याचा पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो. पुढे हिवाळा सरतो, फाल्गुनात ऊन तापू लागते, विद्यार्थी परीक्षेच्या अभ्यासात गढून जातात आणि मग उन्हाळ्याची सुट्टी लागते. त्या रोपाला पाण्याची खरी गरज नेमकी तेव्हाच असते. चैत्रात त्याला पाणी कोण घालणार, या प्रश्नाचे उत्तर ज्या शाळेने आषाढातच ठरवून ठेवले असेल, त्याच शाळेत पर्यावरणाच्या शिक्षणाला खरा आरंभ झाला, असे म्हटले पाहिजे.

पर्यावरण हा विषय शाळेत असावा की नसावा, हा वाद आता उरलेला नाही. १९७२ साली स्वीडनमधील स्टॉकहोम येथे संयुक्त राष्ट्रांची परिषद भरली आणि तिच्या स्मरणार्थ ५ जून हा दिवस जगभर पर्यावरण दिन म्हणून पाळला जाऊ लागला. भारतात वकील एम. सी. मेहता यांच्या अर्जावर निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली हा विषय शाळा-महाविद्यालयांतून सक्तीने शिकवावा, असे सांगितले आणि २००३ साली त्याविषयी पुन्हा आदेश दिले. पुण्यात भारती विद्यापीठाने १९९३ साली केवळ पर्यावरणाच्या शिक्षणासाठी आणि संशोधनासाठी एक संस्था काढली. व्यवसायाने शल्यचिकित्सक असलेले डॉ. एरच भरुचा यांनी ती वाढविली. अशा प्रयत्नांमुळे पर्यावरण वेळापत्रकात आले. परंतु विषय वेळापत्रकात येणे निराळे आणि तो वागणुकीत उतरणे निराळे. ५ जून रोजी तर राज्य मंडळाच्या पुष्कळशा शाळा उघडलेल्याही नसतात. वर्षातून एखादा दिवस साजरा करून हे काम व्हावयाचे नाही. त्याला बारा महिन्यांची योजनाच हवी.

योजना कशी असावी, याचा एक धडा पुण्याच्या इतिहासातच आहे. अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावाचे पाणी बंदिस्त नळातून शहरात आणविले. उंचावरचे पाणी केवळ उताराच्या बळावर वाहत येई आणि पेठांतील हौद भरत असे. हा नळ बांधणाऱ्यांचे शहाणपण केवळ पाणी आणण्यात नव्हते. पाण्याबरोबर गाळ येणारच, हे ओळखून त्यांनी नळावर ठिकठिकाणी उच्छ्वास ठेविले होते. त्यांतून माणसाला आत उतरून सफाई करता येई. ज्या दिवशी पाणी आले, त्या दिवसाचाच नव्हे, तर पुढील अनेक वर्षांच्या देखभालीचा विचार त्यांनी आधीच केला होता. शाळेची योजनाही अशीच दूरदृष्टीची असावयास हवी.

अशा योजनेचा आरंभ घोषणांनी न करता मोजणीने करावा. समजा, शाळेतील एक नळ गळतो आहे. त्याखाली बादली ठेवून तासाभरात किती पाणी साचते, ते विद्यार्थ्यांनी मोजावे. ते १ लिटर भरले, तर दिवसाला २४ लिटर आणि वर्षाला ८,७६० लिटर पाणी वाया जाते, हे गणित सातवीतील विद्यार्थी सहज करू शकेल. त्याचप्रमाणे १ चौरस मीटर छपरावर १ मिलिमीटर पाऊस पडला, तर १ लिटर पाणी मिळते. शाळेचे छप्पर ५०० चौरस मीटर असेल आणि वर्षभरात ७०० मिलिमीटर पाऊस पडला, तर त्या छपरावर साडेतीन लाख लिटर पाणी येते. त्यातील काही पाणी हाती लागणार नाही, हे खरे; तरी राहिलेले थोडके नसते. असा आकडा स्वतः काढलेल्या मुलाला पाण्याचे महत्त्व निराळे सांगावे लागत नाही.

हीच गोष्ट कचऱ्याची. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षे शहराबाहेर उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांच्या परिसरात नेऊन टाकला गेला. तेथील विहिरींचे पाणी बिघडले; गावकऱ्यांना वारंवार विरोध करावा लागला. दारातला कचरा गेला म्हणजे तो नाहीसा झाला, असे नसते. तो दुसऱ्या कोणाच्या तरी दारात जातो. शहरातील कचरा वेचणाऱ्या कष्टकऱ्यांनी १९९३ साली ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही आपली संघटना उभी केली आणि पुढे तिच्यातूनच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली. कचऱ्यातून कागद, काच, पत्रा वेगळा काढून तो पुन्हा उपयोगात आणणाऱ्या या हातांचे उपकार शहरावर आहेत. शाळेने ओला व सुका कचरा आरंभीच वेगळा ठेवला, तर त्यांचे कष्ट हलके होतील. आणि आवारातील पालापाचोळा जाळण्याऐवजी खड्ड्यात कुजविला, तर झाडांना खतही मिळेल.

या योजनेवर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, यामुळे अभ्यासाचा वेळ जातो. परंतु पाणी मोजणे हे गणितच आहे, पावसाची नोंद ठेवणे हा भूगोलच आहे आणि वर्षअखेर त्याचा अहवाल लिहिणे हे भाषेचेच शिक्षण आहे. दुसरा आक्षेप अधिक विचार करण्याजोगा आहे. नदीत सांडपाणी सोडावे की नाही, टेकडी राखावी की फोडावी, हे निर्णय मोठी माणसे घेतात. तेव्हा मुलांनी एक नळ दुरुस्त करवून काय साधणार? एका शाळेने वाचविलेल्या पाण्याने मुठा नदी भरून वाहणार नाही, हे मान्यच केले पाहिजे. मोठ्यांची जबाबदारी मुलांच्या खांद्यांवर टाकणेही न्यायाचे नाही. परंतु आजचा विद्यार्थी उद्याचा नागरिक असतो. ज्याने लहानपणी पाणी मोजले, त्याला मोठेपणी नगराच्या कारभाराचा हिशेब विचारता येतो. जो मोजत नाही, त्याला काय विचारावे हेच कळत नाही.

म्हणून शाळेने थोडेच काम पत्करावे, पण ते तडीस न्यावे. शंभर रोपे लावून नव्वद वाळू देण्यापेक्षा कडुनिंब, करंज, बहावा यांसारख्या देशी झाडांची दहाच रोपे लावावीत आणि दहाही जगवावीत. कोणत्या वर्गाने कोणते रोप सांभाळावे आणि सुट्टीत कोणी कोणत्या दिवशी पाणी घालावे, याची यादी समारंभाच्या दिवशीच फलकावर लागावी. त्या यादीत मुलामुलींबरोबर शिक्षकांची आणि मुख्याध्यापकांचीही नावे असावीत. भाषण ऐकून जे कळते ते विसरते; पाळी आली म्हणून भर उन्हात कळशी घेऊन गेलेल्या मुलाला जे कळते, ते जन्मभर राहते.