रक्तातील आकडा आणि मेंदूतील स्राव

मेध्य औषधांच्या माहितीपत्रकांत 'मेंदूतील बीडीएनएफ वाढविते' असे वाक्य अलीकडे आमच्या पाहण्यात येते. आधार म्हणून सीरमचा अहवाल दिलेला असतो. हा आधार आम्हांस ग्राह्य वाटत नाही. १९८२ मध्ये डुकराच्या मेंदूतून विलग केलेला हा वृद्धिघटक रक्तात मुख्यत्वे प्लेटलेट्समध्ये साठतो व रक्त गोठताना बाहेर पडतो. नमुना किती वेळ गोठू दिला, यावरही आकडा बदलतो.

जिवंत मेंदूतील स्राव मोजणे दुष्कर आहे. प्राण्यांत मायक्रोडायलिसिसची सूक्ष्म नलिका बसवितात, पण हा रेणू मोठा व चिकट, पडद्यातून जेमतेम येतो. मनुष्यात २००९ मध्ये धमनी व मानेतील ज्युग्युलर शिरा यांतील रक्ताची तुलना करून, चार तासांच्या वल्हविण्याच्या व्यायामात हा स्राव अजमावला गेला. दंडातून काढलेल्या एका नमुन्याने ते कसे साधावे?

चरकोक्त मण्डूकपर्णी, यष्टिमधु, गुडूची, शंखपुष्पी (ब्राह्मी त्या चारांत नाही, हे जाता जाता) यांना असल्या उसन्या आकड्याची गरज नाही. स्मृतीच्या चाचण्या औषधापूर्वी व नंतर, तुलनागटासह घ्याव्यात. तोवर फार्मसीचालक बंधूंनी ते वाक्य छापू नये आणि वैद्यांनी तसे पत्रक रुग्णाच्या हाती देऊ नये, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.