भरतीच्या पाण्याला वाट हवी

दिवाळी सरून थंडी पडू लागली की ठाण्याच्या खाडीवर रोहित पक्षी उतरू लागतात. ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलात उलटी चोच बुडवून ते शेवाळ आणि बारीक जीव गाळून खातात. भरती चढली की चिखल पाण्याखाली जातो. मग हे थवे टेकतात काठालगतच्या उथळ तळ्यांवर. नेरूळचं डीपीएस तळं, सीवूड्सच्या पाणथळी, उरणचं पाणजे. यंदाचा अंक वाचकांच्या हाती देताना या तळ्यांविषयीच बोलायचं आहे, कारण खाडीला आपण मान दिला आणि तळी वाऱ्यावर सोडली.

ठाणे खाडी २०१५ मध्ये अभयारण्य झाली, २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत गेली. याचा अभिमान वाटायलाच हवा. पण भरतीच्या वेळी विसावा नसेल, तर ओहोटीचं अन्न असूनही थवा तिथे टिकत नाही.

पाणथळ संपवायला बुलडोझर लागत नाही. भरतीचं पाणी ज्या नाल्यातून आत येतं, त्याच्या तोंडावर राडारोडा पडला की पुरे. पाणी आटतं, निवटे आणि चिंबोऱ्या दिसेनाशा होतात, तळाला भेगा पडतात. मग ‘इथे पाणथळ नाहीच’ असा शेरा मारणं सोपं होतं. २०२४ मध्ये डीपीएस तळ्यावर रोहित मरून पडले, तेव्हा पाण्याच्या बुजलेल्या वाटांची चर्चा झाली. नागरिक हटले नाहीत. २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळानं या तळ्याच्या ३० एकरांना संवर्धन राखीव क्षेत्र करायला मंजुरी दिली. पाणजेच्या वाट्याला मात्र अजून असं काही आलेलं नाही.

या किनाऱ्यावर पाणी अडवणं नवं नाही. आगरी-कोळ्यांनी खाजणाला बांध घालून भात पिकवला, मीठ काढलं. पण बांधाला त्यांनी उघाडी ठेवली. समुद्र किती आत घ्यायचा आणि साचलेलं पाणी कधी सोडायचं, हे ते चंद्राच्या तिथीवरून ठरवत. ९५ गावांच्या जमिनीवर नवी मुंबई वसवताना सिडकोलाही धारण तलाव बांधावे लागले, कारण शहराचा बराच भाग भरतीच्या पातळीखाली आहे. धो धो पाऊस आणि उधाण एकाच वेळी आलं, तर पाणी साठवायला जागा हवीच. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. तरीही आज उरल्यासुरल्या तळ्यांवर इमारतींसाठी डोळा ठेवला जातो, याचा मला संताप येतो.

पक्ष्यांना हुसकावलं तर ते दुसरीकडे उतरणार, आणि नवी मुंबईचं विमानतळ जवळच आहे. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या (बीएनएचएस) अभ्यासकांनी हा धोका वेळोवेळी सांगितला आहे. मे २०२४ मध्ये घाटकोपरला विमानाच्या धडकेत तिसाहून अधिक रोहित गेले.

डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पाणथळींची प्रत्यक्ष जागेवर पडताळणी करून हद्दी निश्चित करायला सांगितलं आहे. तुमच्या गावाजवळची पाणथळ त्या नोंदीत आली का, ते तहसील कचेरीत जाऊन विचारा. पाणी आत येण्याची वाट बुजलेली दिसली तर तारीख आणि भरतीची वेळ लिहून, छायाचित्रासह जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज द्या. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.